टेम्पररी मीटर आणि अख्खा देश

घराचा पाया खणण्याआधीच त्या जागेला वीज लागते. भूमिपूजन होतं, बोअर मारली जाते आणि तिच्यात मोटर सोडायची म्हटलं की पहिला प्रश्न पुढे येतो: मीटरचं काय? सोलापुरात जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड, शेळगी, बाळे अशा नव्या प्लॉटांच्या भागातून फिरलं की एकच दृश्य जागोजागी दिसतं. ओतलेली खडी, सळयांचे भारे, अर्ध्यावर आलेल्या भिंती, आणि एका कडेला विटांचा कमरेएवढा खांब. त्यावर पत्र्याच्या आडोशाला मीटरची पेटी. रस्त्यावरच्या पोलवरून एक सर्व्हिस वायर तिच्यापर्यंत आलेली असते. घर उभं राहिलं की पेटी निघते, खांब पाडला जातो, त्याच्या विटाही कुठल्यातरी ओट्यात जिरतात.

त्या प्लॉटवर याहून तात्पुरती वस्तू सापडणार नाही. पण त्या पेटीत जे येऊन पोचलेलं असतं, त्याइतकं अफाटही तिथे दुसरं काही नसतं. माणसानं आजवर उभारलेल्या सर्वांत मोठ्या यंत्रांपैकी एकाचं टोक त्या पेटीत असतं. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत पसरलेलं हे यंत्र ज्या दिवशी एकसंध झालं, त्या दिवशी त्याचा सांधा जुळला तो रायचूर आणि सोलापूर यांच्यामध्ये.

सोलापूरचा सांधा

देशातली वीज पूर्वी पाच प्रादेशिक जाळ्यांत विभागलेली होती: उत्तर, पश्चिम, पूर्व, ईशान्य आणि दक्षिण. पहिली चार २००६ पर्यंत एकेक करत जोडली गेली. दक्षिण मात्र वेगळी राहिली. तिच्याशी विजेची देवाणघेवाण होत असे, पण वळसा घेऊन. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला यासाठी एक केंद्र आहे. एका बाजूने आलेली उलटसुलट वाहणारी वीज तिथे आधी एका दिशेने वाहणारी करायची आणि मग दुसऱ्या बाजूच्या ठेक्यात पुन्हा उलटसुलट करायची. कारण दोन जाळ्यांचे ठेके वेगळे होते.

हा ठेका यंत्रांच्या फिरण्यातून येतो. दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीला एनटीपीसीचं औष्णिक केंद्र आहे. तिथे ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत आणि पाणी येतं ते उजनीचं. वाफेच्या दाबाने टर्बाइनचा आस मिनिटाला ३००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५०. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते ती यामुळेच. कोयनेची जलचक्रं सावकाश फिरतात, पण त्यांच्या जनित्रांत चुंबकाच्या ध्रुवांच्या जोड्या जास्त असतात, म्हणून तिथूनही ५० आवर्तनंच निघतात. एका जाळ्यातल्या अशा कुठल्याच जनित्राला पुढे पळता येत नाही, मागे रेंगाळता येत नाही. पंढरीच्या वाटेवर दिंडीतले शेकडो टाळ एका ठेक्यात वाजतात आणि एखाद्याचा हात चुकलाच तर भोवतालचा गजर त्याला पुन्हा ठेक्यात ओढून घेतो. जाळ्यातली जनित्रं एकमेकांना अशीच धरून ठेवतात. एखादं मागे पडू लागलं तर बाकीच्यांकडून येणारा प्रवाहच त्याला पुढे खेचतो.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेची जनित्रं उरलेल्या देशाच्या ठेक्यात आली. दोन जाळी अशी जोडताना तीन गोष्टी जुळाव्या लागतात: व्होल्टेज, आवर्तनांची गती आणि लाट वर चढण्याची नेमकी वेळ. त्या जुळल्या नाहीत तर सांध्यातून प्रचंड प्रवाह उसळतो. त्या जुळवल्या गेल्या, आणि तेव्हापासून लडाखच्या वाटेवरचा दिवा आणि तमिळनाडूतला पंखा एकाच लाटेवर चालतो. भूतानही याच ठेक्यात आहे.

जोडलं जाणं म्हणजे आधार, आणि जबाबदारीही. त्याच्या दीडच वर्ष आधी, ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी, उत्तरेचं जाळं कोसळलं. दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत पूर्वेचं आणि ईशान्येचंही गेलं. ६० कोटींहून अधिक लोकांच्या भागातली वीज गेली होती. म्हणून आज देशभरातल्या भारप्रेषण केंद्रांतले अभियंते रात्रंदिवस सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांच्या आकड्यावर डोळा ठेवून असतात. तो ४९.९० आणि ५०.०५ यांच्या मध्ये राहावा यासाठी त्यांची धडपड चालते.

बटण दाबल्यावर

आता त्या विटांच्या खांबाकडे येऊ. स्लॅबचा दिवस आहे. मिस्त्री काँक्रीट दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरचं बटण दाबतो. त्या क्षणी लागणारी वीज कुठून येते?

ती कुठे साठवून ठेवलेली नसते. त्याच क्षणी देशभरातल्या फिरणाऱ्या हजारो टन पोलादाच्या गतीतून ती काढली जाते. फताटेवाडीचा आस, कोयनेचा आस, आंध्रातला, पंजाबातला, सगळे कणभर मंदावतात. हा कण इतका सूक्ष्म असतो की कुठल्याही यंत्राला तो मोजता येणार नाही. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गिगावॉटच्या उच्चांकाला पोचली होती. दीड किलोवॉटचा व्हायब्रेटर म्हणजे त्यातल्या सोळा कोटी भागांपैकी जेमतेम एक भाग. तरी तो हिशेबात धरला जातो. वेग घटला की वाफेच्या झडपा उघडतात, पाण्याची दारं सरकतात, आणि ठेका पुन्हा जागेवर येतो. प्लॉटवरच्या मिस्त्रीच्या अंगठ्याला अख्खा देश असा उत्तर देतो.

दुसरं आश्चर्य तारेच्या आत आहे. वीज वाहते म्हणजे तांब्यातले इलेक्ट्रॉन फताटेवाडीहून धावत येतात, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेतून १० अँपिअर प्रवाह जात असेल तर इलेक्ट्रॉनांच्या सरकण्याची गती सेकंदाला मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीही नसते. त्यातही सेकंदाला ५० वेळा ते मागे फिरतात. म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉन आपल्या जागेभोवती मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा हलतो, बस. प्लॉटवरच्या वायरमधले इलेक्ट्रॉन वायर विकत आणली तेव्हापासून तिच्यातच आहेत. वाहून येते ती ऊर्जा. ती तारांभोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने येते.

वाटेत तिचं व्होल्टेज पायरीपायरीने उतरतं. दूरच्या वाहिन्यांवर ते लाखांत असतं, गावाजवळच्या उपकेंद्रात ३३ हजार आणि ११ हजारांवर येतं, आणि शेवटी गल्लीच्या तोंडाशी, ज्याला आपण सगळेच डीपी म्हणतो, त्या ट्रान्सफॉर्मरमधून घरगुती २३० व्होल्ट निघतात. हा जिना उभारण्यामागे साधं गणित आहे. तेवढीच वीज न्यायची आणि व्होल्टेज दहापट केलं, तर प्रवाह दहावा हिस्सा लागतो आणि तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज शंभरावा हिस्सा उरते. त्या डीपीत हलणारा एकही भाग नसतो. लोखंडाच्या गाभ्याभोवती दोन वेटोळी, आणि त्यांच्यामध्ये फक्त बदलतं चुंबकत्व.

शेवटचे पन्नास मीटर

शेकडो किलोमीटरचा हा प्रवास इतक्या काटेकोरपणे होतो, आणि विस्कटतो तो बहुतेक वेळा शेवटच्या पन्नास मीटरमध्ये. तेवढीच वाट आपल्या हातात असते.

दोन अश्वशक्तीचा सिंगल फेज व्हायब्रेटर चालताना साधारण १० अँपिअर घेतो. सुरू होताना मात्र, थांबलेली मोटर फिरवायची असल्याने, क्षणभर त्याच्या पाच-सहा पट, म्हणजे ६० अँपिअरपर्यंत. पेटीपासून व्हायब्रेटरपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची ५० मीटर केबल टाकली असेल, तर जायची आणि यायची मिळून १०० मीटर तांब्याची वाट होते. तिचा रोध सुमारे पाऊण ओहम. साठ अँपिअरला या वाटेतच ४५ व्होल्ट खर्ची पडतात. मोटरपाशी २३० ऐवजी १८५ उरतात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणजे तो दोन तृतीयांशाच्याही खाली येतो. मोटर नुसती घुमते, फिरत नाही, आणि घुमत राहिली तर जळते. मिस्त्री म्हणतो, ‘लाइट कमी आहे.’ पुष्कळदा लाइट पुरेशी असते, केबल बारीक असते. म्हणून पेटी कामाच्या जवळ घ्यावी आणि केबल जाड घ्यावी. उरलेली केबल गुंडाळीतच ठेवून काम करू नये, कारण गुंडाळलेल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही.

व्हायब्रेटर बंद पडणं ही किरकोळ अडचण नसते. ओतलेल्या काँक्रीटमध्ये अडकलेली हवा कंपनांनी बाहेर काढावी लागते. एक टक्का हवा राहिली तरी काँक्रीटची ताकद सुमारे पाच टक्क्यांनी घटते. त्यात सोलापूरचा उन्हाळा. चाळिशीपार तापमानात काँक्रीट भराभर घट्ट होतं. थांबून पुन्हा सुरुवात केली की जुन्या आणि नव्या थराचा जोड कच्चा राहतो, आणि पावसाळ्यात पाणी नेमकं तिथूनच झिरपतं. स्लॅबनंतर पाणी मारणं आलं. भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि उष्ण, कोरड्या हवेत किमान दहा दिवस ओलावा टिकवावा लागतो. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात बांधकामाचं पाणी बोअरचं किंवा टँकरचं, आणि ते वर चढवायचं तर मोटर हवी. घराच्या आयुष्यभराची मजबुती अशी त्या टेम्पररी मीटरवर अवलंबून असते.

अठ्ठेचाळीस तास

ही जोडणी मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे. २००३ च्या वीज कायद्यानं मागेल त्याला वीज देण्याचं कर्तव्य वितरण कंपनीवर टाकलं. पुढे केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२२ साली एक महत्त्वाची भर पडली. बांधकामासाठी किंवा इतर तात्पुरत्या वापरासाठी मागितलेली जोडणी, वितरण यंत्रणेत वाढ करावी लागणार नसेल तर ४८ तासांत आणि करावी लागणार असेल तर सात दिवसांत द्यावी. उद्देश असा की तेवढ्यासाठी कुणी डिझेलचा जनरेटर लावू नये. एका प्लॉटच्या मीटरचा विचार करताना नियम करणाऱ्यांनी हवेचाही विचार केला, ही मला मोठी गोष्ट वाटते.

रीत अशी. महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा कार्यालयात अर्ज करायचा. सोबत जागेचा पुरावा, म्हणजे खरेदीखत, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, बांधकाम परवाना, ओळखपत्र, आणि परवानाधारक ठेकेदाराने दिलेला टेस्ट रिपोर्ट. किती किलोवॉट लागणार हे ठेकेदाराला विचारून नीट लिहायचं. बोअरची मोटर, व्हायब्रेटर, सळई कापायचं मशीन, पुढे फरशीचा कटर, ग्रिलचं वेल्डिंग. सगळं एका वेळी चालणार नाही, पण सर्वांत मोठ्या दोन-तीन गोष्टी एकत्र चालतील एवढा भार धरायला हवा. मग जागेची पाहणी होते, कोटेशन निघतं, ते आणि सुरक्षा अनामत भरली की मीटर लागतो. राहत्या घरातच दुरुस्ती किंवा नूतनीकरण करायचं असेल तर वेगळी तात्पुरती जोडणी लागत नाही, घरगुती मीटरवरच ते काम चालतं.

शेजाऱ्याकडून वायर ओढून काम सुरू करण्याचा मोह अनेकांना होतो, आणि शेजारीही भिडेखातर हो म्हणतो. पण ज्या जागेसाठी मीटर दिला त्याबाहेर वीज वापरणं हा कायद्याच्या १२६व्या कलमाखाली अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. ती त्या भल्या शेजाऱ्याच्या नावावर. तारेवर आकडा टाकणं ही तर सरळ चोरी, आणि जिवाशी खेळ. कारण आकड्यातून आलेल्या विजेला मध्ये कुठलीच पेटी नसते.

तीस मिलिअँपिअर

आणि पेटीतलं सर्वांत मोलाचं जे आहे, ते मीटरच्या पुढे असतं.

बांधकामावर माणूस विजेच्या सर्वांत जवळ असतो आणि सर्वांत उघडा असतो. अनवाणी किंवा साध्या चपलेत, पाय ओल्या काँक्रीटमध्ये, हात घामाने भिजलेले. कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहममध्ये, कधी लाखात असतो. भिजल्यावर हातापासून पायापर्यंतच्या वाटेचा रोध हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. २३० व्होल्टला मग शरीरातून २३० मिलिअँपिअर जातात. दहाच्या आसपास गेलं की बोटं आपोआप आवळतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. तीसच्या पुढे काही क्षण गेलं तर हृदयाचा ठोका विस्कटू शकतो.

इथे आपण एमसीबीवर विसंबतो, आणि तिथेच चुकतो. ठरल्यापेक्षा जास्त प्रवाह गेला की पडणारा एमसीबी वायरचं रक्षण करतो, माणसाचं नाही. समजा, मशीनच्या धातूच्या अंगाला फेज लागला आणि अर्थिंगचा रोध २० ओहम आहे. जमिनीतून ११ अँपिअर जातील. ३२ अँपिअरच्या एमसीबीला तो नेहमीचा व्हायब्रेटर वाटेल आणि तो तसाच चालू राहील, मशीनचं अंग जिवंत ठेवून. सोलापूरच्या उन्हाळ्यात हा धोका आणखी वाढतो. काळी माती ओली असते तेव्हा विजेला चांगली वाट देते, पण मे महिन्यात ती भेगाळते, अर्थिंगच्या सळईपासून सुटते, आणि खाली मुरूम आणि काळा पाषाण. म्हणून अर्थिंगचा खड्डा खोल हवा, त्यात कोळसा-मीठ हवं, आणि उन्हाळाभर त्यात पाणी घालत राहायला हवं.

यावर ज्या उपकरणाने उत्तर दिलं, त्याचं नाव आरसीसीबी. त्याची कल्पना इतकी सुंदर आहे की ती प्रत्येकाला कळायला हवी. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच लोखंडी कड्यातून नेलेल्या असतात. जितका प्रवाह जातो तितकाच परत येतो, तोवर दोघांचं चुंबकत्व एकमेकांना पुसून टाकतं आणि कडं शांत राहतं. प्रवाहाचा थोडासा भाग जरी माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, तरी जाणं आणि येणं सारखं राहत नाही. कड्यात चुंबकत्व जागं होतं आणि वीज तुटते. ३० मिलिअँपिअरच्या फरकावर, सेकंदाच्या अंशात. कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी किती प्रवाहाला माणसाचा हात सुटेनासा होतो याचा स्वयंसेवकांवर काळजीपूर्वक अभ्यास केला आणि १९६१ साली याच तत्त्वावरचं उपकरण घडवलं. ब्रिटनमध्ये बांधकामावर आणखी एक उपाय करतात. पिवळ्या ट्रान्सफॉर्मरमधून हत्यारांना ११० व्होल्टच देतात, आणि त्याचा मध्यबिंदू जमिनीला जोडलेला असल्याने एका तारेला हात लागलाच तर जमिनीपर्यंत ५५ व्होल्टच लागतात.

पावसात केबल भिजली की आरसीसीबी वारंवार पडतो, आणि ‘काम थांबतं’ म्हणून कुणीतरी तो काढून वायर सरळ जोडतो. तो पडतो तेव्हा कुठेतरी वीज गळते आहे, एवढंच तो सांगत असतो. गळती शोधावी, तो काढू नये. त्याच्यावरचं ‘टेस्ट’ बटण रोज सकाळी काम सुरू होण्याआधी दाबून पाहावं. आणखी एक सवय लावून घ्यावी, वर पाहण्याची. सळई १२ मीटर लांब येते. स्लॅबवर उभं राहून ती फिरवताना तिचं दुसरं टोक कुठवर पोचतं याचा अंदाज चुकतो. ११ हजार व्होल्टची वाहिनी इमारतीपासून आडव्या अंतरात किमान १.२ मीटर दूर हवी असा नियम आहे, पण तो नियम इमारतीचा आहे, हातातल्या सळईचा नाही. जवळून वाहिनी जात असेल तर काम सुरू करण्याआधीच महावितरणला कळवायला हवं.

कुणासाठी

सोलापूर हे घरं बांधणारं शहर आहे. कुंभारीला विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, पुढे त्याच परिसरात रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प आला, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातली पंधरा हजार घरं कष्टकऱ्यांच्या हाती आली. शहराच्या चारी दिशांना एकेका प्लॉटवर चाललेली बांधकामं वेगळीच. या प्रत्येक जागी काही महिने एक वेगळं गाव वसतं. गवंडी, सेंट्रिंगवाले, बिगारी, वॉचमनचं कुटुंब. त्यांची लेकरं त्याच खडीवर खेळतात आणि पत्र्याच्या खोलीत त्याच टेम्पररी मीटरच्या दिव्याखाली जेवतात.

घरातली पक्की वायरिंग करताना मालक नावाजलेली वायर निवडतो, स्वतः उभा राहून अर्थिंग करून घेतो, कारण तिथे त्याची मुलंबाळं राहणार असतात. तात्पुरत्या जोडणीच्या वेळी मात्र जुनी केबल, फुटका बोर्ड, कुणाच्या तरी घरातून उतरवलेला स्विच चालवून घेतला जातो. आपण जोडणीला तात्पुरती म्हणतो, पण तिच्यातून येणारी वीज कणभरही तात्पुरती नसते. ती पूर्ण २३० व्होल्टची, पूर्ण देशाचं बळ मागे घेऊन आलेली असते. आणि पक्क्या वायरिंगपेक्षा जास्त माणसं, जास्त ओल्या हातांनी, याच जोडणीला हात लावतात. त्यामुळे घराच्या अंदाजपत्रकात पहिली ओळ हीच असावी: नवी जाड केबल, झाकण बंद होणारी पेटी, खोल अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. स्लॅबच्या एका दिवसाच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही, आणि घर पूर्ण झाल्यावर आरसीसीबी आणि केबल पुढच्या कामाला नेता येतात. जे हे घर बांधतील पण या घरात कधी राहणार नाहीत, त्यांच्यासाठी मालकाने करायची ही पहिली गोष्ट आहे, आणि ती पाया खणण्याआधी करायची आहे.